अनुभव धागा : रशियातली माणसं, रशियातले रिवाज

लाल चौक आणि हर्मिटाज संग्रहालय यांचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेत. इथे लिहा ते आगगाडीतलं, बाजारातलं, कुणाच्या स्वयंपाकघरातलं. शिकायला, नोकरीला, फिरायला, कशाहीनिमित्त गेला असाल. दोन ओळीही चालतील.

कझानमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेली, सोलापूर
कझानच्या क्रेमलिनच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या, एकाच तटाआत कुल शरीफ मशीद आहे आणि जुनं कॅथेड्रलही. पण मला कझान आपलं वाटलं ते तातार (तिथला मोठा, मुख्यतः मुस्लिम समाज) मैत्रिणीच्या आजीमुळे. तातार लोक चहात दूध घालतात! सोबत चाकचाक, म्हणजे तळलेले कणकेचे तुकडे मधात घोळवून रचलेले. पहिल्यांदा जाताना फुलं घ्यायला थांबले, तर विक्रेतीने आधी विचारलं, कशासाठी? आनंदाच्या प्रसंगी विषम संख्येत, सम संख्येत फक्त अंत्यविधीला. सुट्टीत भारतात यायला निघाले की आजी मला बॅगेसकट खाली बसवायची. प्रवासाआधी क्षणभर सगळ्यांनी गप्प बसायचं, मग उठायचं.

सैबेरियाची रेल्वे केलेला, ठाणे
मॉस्को ते व्लादिवोस्तोक 9,288 किलोमीटर. मी इर्कुत्स्कला उतरून पुढे उलान-उदेपर्यंत गेलो. तिकीट मुद्दाम प्लात्सकार्तचं काढा. हा बिनदाराचा, 54 बर्थचा डबा. बंद कूपेत बसलात तर माणसं भेटणार नाहीत. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची टाकी अखंड चालू असते. डब्याची देखभाल करणाऱ्या बाईंकडून धातूच्या नक्षीदार धारकातला काचेचा पेला मिळतो. समोरच्या मावशींनी काकड्या, उकडलेली अंडी, काळा पाव काढला आणि मला न विचारताच माझ्यापुढे सरकवला. मी भाकरवडी काढली. ती डबाभर फिरली. भाषा जेमतेम, तरी नातवंडांचे फोटो, पगार, लग्न, सगळं बोलून झालं.

इर्कुत्स्कनंतर गाडी बैकलच्या दक्षिण काठाने तासन्‌तास जाते. जगातलं सर्वांत खोल सरोवर, 1,642 मीटर. मी झोपलो होतो. शेजारच्या आजोबांनी पाय हलवून उठवलं. आपलं बैकल परक्याने झोपेत घालवावं, हे त्यांना सहनच होईना. असं आपल्या पाण्यावर प्रेम करणारी माणसं मला फार आवडतात.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मॉस्कोत राहिलेली, नागपूर
मास्लेनित्सा चुकवू नका. ऑर्थोडॉक्स उपवासाआधीचा हा आठवडा: रोज ब्लिनी, म्हणजे लोणी लावलेले पातळ घावनच, आणि रविवारी गवताच्या बाहुलीची होळी. त्याच दिवशी लोक एकमेकांची क्षमा मागतात. शेजारीण दारात येऊन म्हणाली, मला माफ कर. उत्तर ठरलेलं: देव माफ करेल. वर्षभरात आमचं कधी वाजलं नव्हतं, तरी ती आली. हा रिवाज आपल्याकडेही हवा होता असं मला मनापासून वाटतं.

अलिबागकर
मॉस्कोजवळच्या त्वेर शहरात जा. 15व्या शतकात तिथला व्यापारी अफनासी निकितिन विकायला घोडा घेऊन आपल्या चौलला उतरला, पुढे जुन्नर, बीदरला गेला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, ते आम्ही लहानपणापासून पाहतोय. व्होल्गाकाठी त्याचा 1955 सालचा पुतळा आहे. तिथल्या बाकावर बसलेल्या जोडप्याला फोनवर रेवदंड्याचा फोटो दाखवला, तर त्यांनी आणखी चौघांना बोलावून घेतलं. मॉस्कोहून आगगाडीने एका दिवसात जाऊन परत येता येतं.