दहावीनंतर थेट मुक्त विद्यापीठाची पदवी, की आधी सतरा नंबरचा फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज) भरून बारावी?

अंगणवाडी_मदतनीस (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. माझे वय ३१ असून मी गावातील अंगणवाडीत मदतनीस आहे. दहावीनंतर वडिलांच्या आजारपणात शिक्षण सुटले ते सुटलेच. सेविकेच्या पदासाठी आता बारावी उत्तीर्ण असावे लागते आणि पुढे पर्यवेक्षिका व्हायचे तर पदवी हवी, म्हणून पुन्हा शिकायचे ठरवले आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बारावी नसलेल्यांनाही पूर्वतयारी शिक्षणक्रम करून बी.ए.ला प्रवेश मिळतो, असे ऐकले. तसे केल्यास बारावीची दोन वर्षे वाचतील, असा माझा हिशेब आहे. मामाजी म्हणतात, घरी बसून मिळवलेल्या पदवीला कोणी विचारत नाही. यजमान म्हणतात, पदवी झाली की बारावी तिच्या पोटातच आली. दोघांपैकी कोणाचे खरे मानावे?

काट्यावरचा (पुसद)

ताई, दोघांचेही मानू नका.

मी जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करत असताना, २०११ साली, याच पूर्वतयारीच्या वाटेने गेलो आणि पुढे बी.ए. झालो. विद्यापीठाची पुस्तके शिक्षक समोर बसून समजावून सांगतो आहे अशा भाषेत लिहिलेली असतात, त्यामुळे दोन गाड्यांच्या मधल्या वेळेतही मी चार पाने वाचत असे. अडचणी अर्थात होत्या. आमच्या अभ्यासकेंद्राने पुस्तके परीक्षेच्या तोंडावर हाती दिली आणि रविवारची संपर्क सत्रे कपाशीच्या हंगामात माझ्या वाट्याला फारशी आलीच नाहीत. मे महिन्याच्या उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून पेपर दिले, तरीही पदवी वेळेत मिळाली आणि त्या दिवशी आईने गल्लीभर पेढे वाटले.

खरा प्रसंग पुढेच आहे. एका भरतीत माझी लेखी परीक्षा चांगली गेली, पण कागदपत्रांच्या पडताळणीच्या वेळी टेबलावरच्या बाबूंनी पदवी बाजूला ठेवून बारावीची गुणपत्रिका मागितली. जाहिरातीत बारावी उत्तीर्ण असे स्वतंत्रपणे लिहिलेले होते आणि पूर्वतयारीचे प्रमाणपत्र म्हणजे बारावी नव्हे, हे मला तिथे उभे असताना कळले. त्यानंतर पदवीधर असूनही मी सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि सख्ख्या भाच्याबरोबर एकाच वर्षी बारावीची परीक्षा दिली. आमच्या घरात आधी पदवी आली आणि मग बारावी. भाचा अजूनही यावरून चिडवतो.

शिवाय आपला दोन वर्षांचा हिशेबही तपासावा. दहावी होऊन इतकी वर्षे लोटलेल्या व्यक्तीला खासगी विद्यार्थी म्हणून त्याच शैक्षणिक वर्षातील फेब्रुवारी-मार्चच्या बारावीच्या परीक्षेला बसता येते; अकरावीत बसण्याचे कारण नाही.

निवृत्त_समंत्रक (अमरावती)

वरील अनुभव बोलका आहे, मात्र त्यावरून पदवीच दुय्यम आहे असा समज कोणी करून घेऊ नये. हे विद्यापीठ राज्य विधिमंडळाच्या १९८९ च्या कायद्याने स्थापन झालेले सार्वजनिक विद्यापीठ आहे. ते नाशिकजवळ गोवर्धन येथे आहे आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० च्या विनियमांत नमूद केले आणि २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तेव्हा मामाजींची शंका नम्रपणे बाजूला ठेवता येईल.

यजमानांचे म्हणणे मात्र धोक्याचे आहे. एक उदाहरण देतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार, मूळ शालेय पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून बारावी किंवा पदवी मिळवलेल्या व्यक्तीला विधी अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत नाही. आपल्याला वकील व्हायचे नसेलही, पण पायरी गाळली की पुढे कुठे अडेल ते आधी सांगता येत नाही. आपल्याला तर सेविकेच्या पदासाठीच बारावी हवी आहे. मग ती टाळून पदवीकडे जाण्यात काय हशील?

प्रवेशाच्या वेळी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, कारण शिक्षणक्रम आणि अटी बदलत असतात. दूरशिक्षणासाठी आता एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) आणि त्याला जोडलेला डीईबी आयडी (दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठीचा ओळख क्रमांक) काढावा लागतो. तो स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर काढावा, दुकानदाराच्या नव्हे. हे सांगावे लागते याचेच वाईट वाटते. शुल्क ऑनलाइन भरून पावती जपून ठेवावी आणि वर्षभरात पदवी हाती देतो म्हणणाऱ्या दलालाला उंबऱ्याच्या आत घेऊ नये.

धारणीची_सून

दोन्ही भाऊ बरोबर सांगत आहेत, पण बारावीला इंग्रजी अनिवार्य असते हे कोणीच बोलले नाही. पदवी मराठी माध्यमातून घेता येते, त्यामुळे आमच्यासारख्यांना ती सोपी वाटते आणि बारावी डोंगराएवढी. मी इंग्रजीत एकदा नापास झाले आणि दुसऱ्यांदा काठावर उत्तीर्ण झाले. ताई, कला शाखा घ्या, इंग्रजीला आजपासून लागा आणि बाकीच्या विषयांची चिंता नंतर करा.

अंगणवाडी_मदतनीस

सर्वांचे मनापासून आभार. आधी बारावी आणि मग मुक्त विद्यापीठातून बी.ए., असे ठरवले आहे. मामाजींना समंत्रक सरांचे उत्तर वाचून दाखवले, ते काही बोलले नाहीत. सतरा नंबरसाठी शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागेल, तो माहेरच्या शाळेत आहे आणि त्यावर माझे लग्नाआधीचे नाव आहे. शकुंतला रेल्वेगाडी बंद झाल्यापासून तिकडे जायला एसटीच उरली आहे, तरी सोमवारी जाऊन येते. धारणीच्या ताई, इंग्रजीसाठी आपण कोणते पुस्तक वापरले होते?