मदत हवी आहे: दहा पायऱ्यांचं रूटीन घरगुती, स्वस्त जिन्नसांत बसवताना कुठे चुकतंय?

राहणं नाशिक, इंदिरानगर. वय २७. त्वचा मिश्र: कपाळ, नाक, हनुवटी तेलकट, गाल कोरडे. तोंड धुवायला बोअरचं पाणी, प्यायला नळाचं. अंबडपर्यंत रोज स्कूटर. महिन्याचं बजेट ५०० रुपये, सनस्क्रीन घ्यावं लागलं तर तेही त्यातच.

कोरियन पद्धतीचं दहा पायऱ्यांचं रूटीन दीड महिन्यापासून असं चालू आहे:

रात्री खोबरेल तेलाने मसाज, मग बेसन आणि चिमूटभर हळदीने धुणं. एक दिवसाआड मसूरडाळीच्या रवाळ पिठाचा स्क्रब. टोनर म्हणून गुलाबपाण्यात लिंबाचे ५-६ थेंब. इसेन्सऐवजी (टोनरनंतर लावायचं पातळ द्रव) तांदळाचं पाणी, एकदा केलं की आठवडाभर फ्रीजबाहेर. सीरमऐवजी संत्र्याच्या सालीची पूड मधात, १५ मिनिटं. डोळ्यांखाली बदामतेल. शेवटी नुसतं ग्लिसरीन. रविवारी मुलतानी माती, पूर्ण वाळेपर्यंत. सकाळी हेच सगळं, फक्त तेल आणि माती वगळून. सनस्क्रीन सध्या नाही.

अडचणी चार. कपाळावर मोहरीएवढे बारीक पुरळ. टोनर लावला की चुरचुरतं. तांदळाच्या पाण्याला तिसऱ्या दिवशी आंबूस वास. आणि ग्लिसरीन लावूनही संध्याकाळी गाल ओढल्यासारखे होतात. कोणती पायरी काढू, कोणती बदलू? आणि सनस्क्रीनला घरगुती पर्याय आहे का?

प्रतिसाद १

ताई, आधी लिंबू बंद करा, आजच. लिंबाच्या रसाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण २ ते अडीच, त्वचेचा ५ च्या आसपास. चुरचुरणं म्हणजे 'काम करतंय' असं नाही, त्वचेचा वरचा थर दुखावतोय. शिवाय लिंबाच्या रसात आणि सालीच्या तेलात काही द्रव्यं असतात, ती त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मागे काळे डाग राहतात. तुम्ही सकाळीही हाच टोनर लावून, सनस्क्रीन न लावता स्कूटरवर निघता. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला कुठलीही आग झाली की ती डाग ठेवूनच जाते, महिनोन्‌महिने. म्हणून आपल्याकडे कोणतीही पायरी ठरवताना पहिला प्रश्न 'याने उजळेल का' हा नाही, 'याने चुरचुरेल का' हा.

आता कपाळ. खोबरेल बऱ्याच जणींच्या चेहऱ्यावर रंध्रं बुजवतं. दुसरं कारण धुण्यात आहे. बाजारातल्या क्लेन्झिंग ऑइलमध्ये तेल आणि पाणी एकत्र आणणारा घटक असतो, त्यामुळे पाणी लावताच ते दुधाळ होऊन वाहून जातं. घरच्या तेलात तो नसतो. नुसत्या बेसनाने कपाळावरचं, केसांच्या रेषेजवळचं तेल पूर्ण निघत नाही.

पण त्याआधी एक बघा. पुरळ सगळे एकाच आकाराचे आहेत आणि खाजतात का? तसं असेल तर त्वचेवर राहणाऱ्या मॅलासेझिया बुरशीचा प्रकार असू शकतो. ती तेलातल्या स्निग्धाम्लांवर पोसते. तसं असल्यास चेहऱ्यावर कुठलंच तेल नको, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून 'डागांचं क्रीम' मात्र आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. आठ दिवस चेहरा सुरेख दिसतो, मग त्वचा पातळ, लाल होते आणि क्रीम सोडलं की पुरळ दुप्पट.

खाज नसेल तर तेल बदला: करडईचं ४ पोह्याचे चमचे, एरंडेल १ चमचा, छोट्या बाटलीत मिसळून ठेवा. करडईत लिनोलेइक आम्ल (एक स्निग्धाम्ल) भरपूर, म्हणून ते हलकं बसतं. एरंडेल दाट असतं, त्याचं प्रमाण वाढवलं तर त्वचा कोरडी पडते. रात्री कोरड्या चेहऱ्यावर कोरड्या हाताने अर्धा चमचा, मोजून एक मिनिट. पाच-पाच मिनिटं रगडू नका. मग जुन्या धोतराचा किंवा मलमलचा तुकडा कोमट पाण्यात पिळून २० सेकंद चेहऱ्यावर ठेवा, दाबून टिपा, कापड खळबळून पुन्हा एकदा. हे झाल्यावर बेसन. कापड रोज धुऊन उन्हात वाळवायचं.

बेसन वस्त्रगाळ हवं. चाळणीतून नाही, कापडातून. बोटांत चिमटीने चोळलं तर पावडरसारखं लागलं पाहिजे, कणी लागली तर ते भजीसाठी. एक चमचा बेसन, दीड चमचा पाणी, ३० सेकंदांत धुऊन टाका. हळद काढून टाका. तिने रोज पिवळेपणा राहतो आणि काहींना खाजही येते. कस्तुरी हळद म्हणून जी पिवळीजर्द पूड मिळते ती बहुतेक वेळा स्वयंपाकाचीच असते. खरी कस्तुरी हळद फिकट असते आणि तिला कापराकडे झुकणारा वास येतो.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. पाण्याचं मी सांगते. एका बाटलीत बोअरचं पाणी अर्धं भरा, लिक्विड सोपचे दोन थेंब टाका, हलवा. फेस कमी आणि पाणी गढूळ झालं तर ते जड आहे. मग शेवटचा एक तांब्या नळाच्या पाण्याचा घ्या. गाल ओढले जाण्यात याचा वाटा असतो. चेहरा पांढरट खडबडीत वाटत असेल तर तो क्षाराचा थर.

गालांचं मोठं कारण मात्र ग्लिसरीन. ते पाणी धरून ठेवतं, पण हवा कोरडी असेल आणि ते नुसतंच लावलं असेल तर पाणी खालच्या थरातून ओढतं. थंडीत निफाडचा पारा खाली येतो तेव्हा नाशिकची हवा किती कोरडी असते ते तुम्हाला माहीत आहे. प्रमाण असं ठेवा: २० चमचे गुलाबपाण्याला १ चमचा ग्लिसरीन. पावसाळ्यात अर्धा चमचाच, नाहीतर चिकचिक. चेहरा ओलसर असताना लावा आणि एका मिनिटाच्या आत वरून क्रीम. तुमच्या टोनर, इसेन्स, मॉइश्चरायझर या तीन पायऱ्यांतल्या पहिल्या दोन इथेच एक झाल्या. ग्लिसरीन मेडिकलमधूनच घ्या, लेबलवर आय.पी. (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधी दर्जाचं) लिहिलेलं. सुटं, डब्यातून ओतून दिलेलं नको.

गुलाबपाण्याची बाटली मागून वाचा. घटकांत पाणी, सुगंध, रंग असं लिहिलं असेल तर ते अत्तराचं पाणी. नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद, त्यामुळे घरी काढायचा मोह होतो. पण बाजारातले लांब दांड्याचे गुलाब फवारणीचे असतात. ते चेहऱ्यासाठी उकळू नका. कुंडीतला, न फवारलेला गावठी गुलाब असेल तरच.

तांदळाचं पाणी: २ मोठे चमचे तांदूळ (इगतपुरीकडची इंद्रायणी असो की रेशनचा, फरक नाही), पहिलं पाणी फेकून द्या, मग एका वाटीत अर्धा तास भिजत ठेवा, गाळा. फ्रीजमध्ये दोन दिवस. आंबूस वास आला म्हणजे त्यात जंतू वाढलेत. कोणते वाढलेत ते आपल्याला दिसत नाही. कोरियन इसेन्समधलं आंबवणं ठरावीक यीस्ट घेऊन, गाळून, टिकाऊ घटक घालून केलेलं असतं, ते ओट्यावर जमत नाही. खरं तर ही पायरी गाळलीत तरी काही बिघडणार नाही. तिने तासभर त्वचा मऊ लागते, कारण स्टार्चचा पातळ थर बसतो, इतकंच.

थोडक्यात नियम: ज्यात पाणी आहे ते फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवस. ज्यात पाणी नाही ते कोरड्या डब्यात, कोरड्या चमच्याने. पावसाळ्यात बेसनसुद्धा फ्रीजमध्ये, जाळी धरते.

प्रतिसाद ३

आपण द्राक्षांच्या गावात राहतो. फळांतल्या आम्लांनी वरची मृत त्वचा सोलणं होतंच, मग मसूरडाळीऐवजी द्राक्षाचा गर का नको? आणि द्राक्षबियांचं तेल?

प्रतिसाद ४

द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं हे बरोबर. पण घडात ते किती आहे हे जात, पिकणं, दिवस यांवर बदलतं, त्यामुळे आज काहीच होणार नाही आणि उद्या चुरचुरेल. वर सालीवर फवारणीचा अंश. द्राक्षं धुऊन खावीत, चेहऱ्यावर नको. बियांचं तेल हलकं आणि चांगलं, पण लिनोलेइक आम्लाच्या बाबतीत करडई त्याच्याच पंगतीतली आणि कितीतरी स्वस्त.

मसूरडाळ एक दिवसाआड हा प्रकार थांबवा. रवाळ पीठ घासून बारीक ओरखडे पडतात, त्यावर लिंबू, म्हणून तर इतकं चुरचुरतंय. सोलण्यासाठी ताजं, आंबट न झालेलं दही १ मोठा चमचा, ५ ते ७ मिनिटं, आठवड्यातून एकदा. लॅक्टिक आम्ल सौम्य, कामापुरतं. त्या आठवड्यात माती लावायची असेल तर दुसऱ्या टोकाच्या दिवशी, आणि फक्त कपाळ-नाक-हनुवटीवर. मातीचा कडेचा रंग फिका पडू लागला, मध्ये अजून ओल आहे, तेवढ्यात धुवा. तडे जाईपर्यंत थांबलात तर गालांवरचं उरलंसुरलं पाणीही गेलं.

संत्र्याची साल म्हणजे व्हिटॅमिन सी सीरम नव्हे. सीरममधलं एल-ॲस्कॉर्बिक आम्ल साडेतीनपेक्षा कमी पीएचवर, १० ते २० टक्के प्रमाणात असावं लागतं आणि हवा-उजेडाने ते बिघडतं. वाळवलेल्या सालीत त्यातलं नाममात्र उरतं. उरतात ती सालीतली तेलं, जी झोंबतात. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून पाण्यात घालायचा उद्योगही नको. डागांसाठी सीरम हवंच असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा ५ टक्के नायसिनमाइडची (व्हिटॅमिन बी३ चा प्रकार) बाटली घ्या. १० टक्क्यांची गरज नाही.

सनस्क्रीनला घरगुती पर्याय नाही. खोबरेल, गाजराच्या बियांचं तेल, कोरफड, चंदन, कशानेही भागत नाही. झिंक ऑक्साइडची पूड आणून क्रीममध्ये कालवली तर तिच्या गुठळ्या राहतात, मधल्या फटींतून ऊन लागतं आणि डोळ्यांना ते कळत नाही. तुमच्या ५०० रुपयांतले ३५० इथेच जाऊ द्या. एसपीएफ ३० किंवा ५०, सोबत पीए+++ (यूव्हीए किरणांपासून संरक्षणाची खूण), जेल पोताचं. तर्जनी आणि मधल्या बोटावर बोटभर लांबीची एकेक रेघ, चेहरा आणि गळ्याला. ५० ग्रॅमची ट्यूब रोज दोनदा लावून महिन्याच्या आत संपायला हवी. तीन महिने पुरत असेल तर लावलेलं न लावल्यासारखं.

डोळ्यांखालचं वेगळं तेल सोडा. तिथे गालाचंच क्रीम, अनामिकेने. आणि सकाळी बेसनही नको, नळाच्या पाण्याने तोंड धुवा, ग्लिसरीन-गुलाबपाणी, सनस्क्रीन. तीन पायऱ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पुरळ खाजत नाहीत, लहानमोठे आहेत, तेव्हा करडई-एरंडेल करून बघते. 'वरून क्रीम' म्हणालात, ते घरी होण्यासारखं आहे का? शतधौत घृताबद्दल वाचलंय. कोरफड कुंडीत आहे.

प्रतिसाद ५

शतधौत घृत घरी होतं, फक्त हात दुखतो. ५० ग्रॅम गाईचं रवाळ तूप, घट्ट असलेलं. तांब्याची परात चिंच-मीठ लावून लख्ख घासलेली. तूप पसरा, गार पाणी २-३ मोठे चमचे घाला, तळहाताने गोल गोल फेसा. पाणी गढूळ झालं की परात कलती करून ओतून टाका, नवं पाणी घाला. असं शंभर वेळा. वीस-पंचवीस धुण्यांपर्यंत बोटांना तुपाची कणी लागते आणि पिवळा रंग असतो. साठाच्या पुढे तूप लोण्यासारखं फुगतं, पाणी आपल्याआप बाजूला सरकतं. शेवटी पांढरंशुभ्र, वास जवळपास गेलेला, बोटावर घेतलं तर न ओघळणारं. दीड-दोन तास धरा. शेवटचं पाणी दाबून दाबून काढा, कारण आत अडकलेलं पाणीच ते नासवतं. परातीत ठेवून जाऊ नका, तांब्याचा अंश उतरून हिरवट झाक येते. तशी आली तर टाकून द्या. काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये, तीन-चार आठवडे.

तुम्ही ते फक्त गालांना लावा, रात्री, मुगाच्या दाण्याएवढं, ग्लिसरीन-गुलाबपाणी ओलं असतानाच. कपाळाला अजिबात नाही. ओठ, कोपर, भेगाळलेल्या टाचा यांना मोकळ्या हाताने. उन्हाळ्यात गालांनाही जड होईल, तेव्हा कोरफड.

कोरफडीचं पान कापलं की चीक असलेली बाजू खाली करून १५ मिनिटं उभं ठेवा. पिवळा चीक निथळला पाहिजे, खाज येते ती त्यानेच. मग धुऊन, साल काढून, गर पुन्हा एकदा धुवा. मिक्सरमधून काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, रोज एक खडा वाटीत वितळवून वापरा. खडा थेट गालावर फिरवायचा नाही.

कुठलीही नवी गोष्ट आधी कानामागे, दोन दिवस. एका आठवड्यात एकच बदल करा, नाहीतर पुरळ कशाने आले ते कळणार नाही.

धागाकर्ती

करते. शेवटचं एक: स्कूटरवर चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळते, त्याने सनस्क्रीन पुसलं जातं. दुपारी पुन्हा लावताना घामावरच लावायचं का?

प्रतिसाद १

नाही. लावल्यावर १५ मिनिटं थांबून मग स्कार्फ बांधा, आणि नाकाच्या शेंड्यावर घट्ट नको, तिथूनच सगळं निघतं. सुती, गडद रंगाचा, घट्ट विणीचा घ्या. पातळ शिफॉनमधून ऊन येतं. अंबडला पोचल्यावर चोळू नका, ओला रुमाल दाबून घाम टिपा, दोन मिनिटं वाळू द्या, मग पुन्हा दोन बोटं. आणि स्कार्फ एक दिवसाआड धुवा. कपाळ-हनुवटीवरच्या पुरळांना तेलाइतकाच घाम सुकलेला स्कार्फही कारण असतो. हेल्मेटच्या आतलं कपाळाचं अस्तर निघत असेल तर तेही आठवड्याला काढून साबणाने धुवा.