मदत हवी आहे: बकरीच्या सीरमने जीवाणूंचा सिग्नल तुटायला हवा, पण सीव्ही ०२६ च्या प्लेटवर फरकच दिसत नाही

फतेहगंज_मायक्रो (बडोदे)

नमस्कार. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सस्तन प्राण्यांच्या सीरममधलं पॅराऑक्सोनेज हे एन्झाइम जीवाणूंचे एएचएल सिग्नल (जीवाणू एकमेकांना निरोप द्यायला सोडतात ते लहान रेणू, प्रत्येकात एक लॅक्टोनचं कडं आणि एक कार्बन साखळी) तोडतं का, ते तपासते आहे. सिग्नल म्हणून सी६-एचएसएल (सहा कार्बनच्या साखळीचा एएचएल) आणि रिपोर्टर म्हणून क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलासियम सीव्ही ०२६ घेतला आहे. बाहेरून सिग्नल मिळाला की तो जांभळा होतो, नाहीतर पांढराच राहतो.

पद्धत अशी: खाटकाकडून बकरीचं ताजं रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये आणलं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा भाग घेतला. पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफर) १० टक्के सीरम आणि १० मायक्रोमोलर सी६, ३७ अंशांवर ३ तास. मग त्यातले ५० मायक्रोलीटर थेट एलबी सॉफ्ट अगारमधल्या विहिरीत. प्लेट रात्रभर टेबलावरच, कारण प्रोटोकॉलमध्ये रूम टेंपरेचर लिहिलं आहे.

सीरम घातलेली आणि न घातलेली विहीर, दोन्हींभोवती सारखंच जांभळं वलय येतं. सीरमच्या काही विहिरींभोवती मात्र आतल्या बाजूला एक स्वच्छ, पारदर्शक कडी दिसते. तोच परिणाम मानायचा का? सुट्टीआधी सीव्ही ०२६ वरच काम संपवायचं आहे, म्हणून नेमकं कुठे चुकतंय ते सांगा.

---

लॅक्टोनवाला

पहिली गोष्ट ट्यूबची. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, एका मिलीलीटर रक्तामागे साधारण १.८ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास साडेचार मिलीमोलर. रक्तातलं सगळं कॅल्शियम बांधून टाकायला ते पुरेसं आहे. पॅराऑक्सोनेज-१ च्या रचनेतच दोन कॅल्शियम आयन बसलेले असतात. त्यातला एक रचना धरून ठेवतो. तो निघाला की एन्झाइम कायमचं निकामी होतं, नंतर वरून कॅल्शियम घातलं तरी परत उभं राहीलच असं नाही. आणि वरचा तो भाग सीरम नाही, प्लाझ्मा आहे.

लाल झाकणाची साधी ट्यूब घ्या. रक्त अर्धा तास न हलवता गोठू द्या, मग २००० जी ला १० मिनिटं फिरवा. लालसर सीरम टाकून द्या. प्लाझ्माच हवा असेल तर हेपारिनची हिरवी ट्यूब चालेल.

दुसरी गोष्ट पीबीएस. कॅल्शियम घातलंत तर फॉस्फेटबरोबर पांढरा गाळ बसतो, न घातलंत तर एन्झाइम उपाशी. त्याऐवजी ५० मिलीमोलर हेपिस बफर घ्या, पीएच ७.४, त्यात २ मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड. पॅराऑक्सोनेजच्या जुन्या पद्धतींत पीएच ८ ते ८.५ सापडेल, पण तिथे लॅक्टोनचं कडं एन्झाइमशिवायच उघडतं आणि कंट्रोल हाताबाहेर जातो. त्याच कारणासाठी रिपोर्टरच्या एलबीमध्ये ५० मिलीमोलर मॉप्स बफर घाला, पीएच ६.८. साधं एलबी जीवाणू वाढता वाढता अल्कधर्मी होत जातं.

---

सूक्ष्मजीव_दांडियाबाजार

लॅक्टोनवाला म्हणतात ते सगळं दुरुस्त केलं तरी फरक दिसेल याची खात्री नाही. मूळ अडचण सिग्नल निवडण्यात आहे.

यजमानाचं एन्झाइम सगळे सिग्नल सारख्या वेगानं तोडत नाही. पॅराऑक्सोनेजना लांब साखळीचे एएचएल आवडतात. सर्वात ठळक उदाहरण ३-ऑक्सो-सी१२-एचएसएल, म्हणजे स्यूडोमोनास एरुजिनोसाचा लास सिग्नल. माणसाच्या श्वासमार्गाच्या एपिथेलियल पेशी हाच रेणू निष्क्रिय करतात, त्याच जीवाणूचा सी४ मात्र तसाच राहतो, हे २००४ साली छापून आलं. २००५ मध्ये माणूस, गाय, बकरी, घोडा, ससा, उंदीर या सगळ्यांच्या सीरममध्ये हेच काम सापडलं. म्हणजे तुमची बकरी ठीक आहे.

आता सीव्ही ०२६ ला काय ऐकू येतं ते पाहा. सी४ ते सी८, त्यातही सी६ सर्वात छान. सी१० च्या पुढचे रेणू त्याच्या ग्राहक प्रथिनाला चिकटतात, पण ते चालू करत नाहीत, उलट अडवतात. यजमान जो निरोप कापतो तो तुमच्या रिपोर्टरला ऐकू येत नाही, आणि जो ऐकू येतो तो यजमान फारसा कापत नाही. वलयं सारखी येणारच.

माझं स्पष्ट मत: रिपोर्टर बदला. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेसियन्स एनटीएल४, पीझेडएलआर४ प्लास्मिडवाला. जेंटामायसिन ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटर, अगारमध्ये एक्स-गॅल (निळा रंग देणारं रसायन) तितक्याच मापात ६०, तापमान २८ अंश. सिग्नल असेल तिथे निळं होतं. ३-ऑक्सो-सी८ ला तो फार संवेदनशील आहे, सी१२ लाही उत्तर देतो. ल्युमिनोमीटर असेल तर ई. कोलायचा पीएसबी १०७५ (सिग्नल मिळाला की प्रकाश देणारा रिपोर्टर) त्याहून बरा.

---

फतेहगंज_मायक्रो

दोघांचेही आभार. ३-ऑक्सो-सी१२ आमच्याकडे आहे, एनटीएल४ मागवायला वेळ लागेल. तोपर्यंत सीव्ही ०२६ वर काहीच जमणार नाही का? आणि ती पारदर्शक कडी?

---

सूक्ष्मजीव_दांडियाबाजार

कडी पारदर्शक असेल तर तिथे जीवाणू मेले आहेत. ताज्या सीरममधलं कॉम्प्लिमेंट, म्हणजे रोगप्रतिकारक प्रथिनांचा संच, सीव्ही ०२६ सारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंना मारतं. सिग्नल अडवल्याचं वलय दुधाळ, गढूळ दिसतं, कारण पेशी वाढलेल्या असतात, फक्त रंग नसतो. प्लेट उजेडासमोर तिरकी धरून पाहा, अगदी स्पष्ट कळतं.

सीव्ही ०२६ वर उलटी प्लेट करता येईल. सॉफ्ट अगारमध्येच सी६ घाला, पूर्ण प्लेट जेमतेम जांभळी होईल इतकंच. ही मात्रा आधी वेगवेगळ्या पातळ्यांवर ठरवून घ्या, जास्त झाली की अडवणं दिसतच नाही. विहिरीत ३-ऑक्सो-सी१२ टाकलं की गढूळ पांढरं वलय उमटेल. सीरमनं सी१२ तोडलं असेल तर ते वलय लहान होईल किंवा नाहीसं होईल.

---

लॅक्टोनवाला

आणि विहिरीत सीरम थेट टाकू नका. आधी अर्क काढा: ५०० मायक्रोलीटर मिश्रण, तेवढाच इथाइल अ‍ॅसिटेट, त्यात ०.१ टक्का अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. ३० सेकंद व्होर्टेक्स, फिरवा, वरचा थर काढा, असं दोनदा. थर एकत्र करून पूर्ण वाळवा आणि ५० मायक्रोलीटर डीएमएसओमध्ये घ्या. विहिरीत ५ मायक्रोलीटर पुरे. कॉम्प्लिमेंट, प्रथिनं, ईडीटीए सगळं खाली पाण्यातच राहतं. इथाइल अ‍ॅसिटेट जरासुद्धा उरलं तर तेच जीवाणूंना मारतं आणि पुन्हा पारदर्शक कडी येते.

३-ऑक्सो-सी१२ चा १० मिलीमोलर साठा म्हणजे डीएमएसओमध्ये जवळपास ३ मिलिग्रॅम प्रति मिलीलीटर, उणे २० अंशांवर. हा रेणू प्लास्टिकला चिकटतो आणि अल्ब्युमिनलाही, म्हणून काचेच्या कुप्या घ्या. शून्य मिनिटाचा नमुनाही सीरम घालूनच काढा, नाहीतर चिकटून गेलेला सिग्नल तुटला असं वाटेल. कंट्रोल म्हणून लाल ट्यूबमधल्या त्याच सीरममध्ये १० मिलीमोलर ईडीटीए घाला. तिथे सिग्नल टिकला आणि साध्या सीरममध्ये गेला, तर कॅल्शियमवर चालणारं एन्झाइम आहे असं म्हणायला आधार मिळतो.

पुढची पायरी मला फार महत्त्वाची वाटते. सिग्नल गेला हे दाखवलंत, पण कसा गेला? लॅक्टोनेजनं कडं उघडलं असेल तर आम्लात ते परत बंद होतं. मिश्रण हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडनं पीएच २ वर आणा, २४ तास ठेवा, मग अर्क काढा. क्रिया परतली तर लॅक्टोनेज, म्हणजे पॅराऑक्सोनेजसारखं एन्झाइम. अ‍ॅसाइलेजनं साखळीच कापली असेल तर काहीही केलं तरी परत येत नाही. पूर्ण परतीची अपेक्षा मात्र नको, ३-ऑक्सो-सी१२ चा थोडा भाग आपोआप टेट्रामिक अ‍ॅसिडमध्ये बदलतो आणि तो बदल उलटत नाही.

---

इन्क्युबेटर_अलकापुरी

तापमानाकडे कुणी लक्ष दिलं नाही. मे महिन्यात बडोद्याला पंख्याखालचं टेबल ३५ च्या वर असतं. प्रोटोकॉलमधलं रूम टेंपरेचर म्हणजे २० ते २५. साधा इन्क्युबेटर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, त्यामुळे २८ वर लावूनही उपयोग नाही. थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर हवा, आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवा. गरम प्लेटवर जांभळा रंग फिका येतो, वाळलेल्या अगारमध्ये वलयही नीट पसरत नाही.

सीव्ही ०२६ कॅनामायसिनवर ठेवा, २५ ते ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटर. आकडे हवे असतील तर द्रव कल्चर करा: १ मिलीलीटर फिरवून गाळ १ मिलीलीटर डीएमएसओमध्ये विरघळवा, पुन्हा फिरवा, ५८५ नॅनोमीटरला मोजा. वाढ ६०० ला मोजू नका, व्हायोलासिन (तोच जांभळा रंग) तिथेही प्रकाश शोषतं. ७२० ला मोजा.

---

फतेहगंज_मायक्रो

लाल ट्यूब, हेपिस आणि काचेच्या कुप्या उद्याच घेते. आधी उलट्या प्लेटसाठी सी६ ची मात्रा ठरवते. सीरमऐवजी आतड्याच्या पेशी घेतल्या तर हीच पद्धत चालेल का?

---

सूक्ष्मजीव_दांडियाबाजार

चालेल, पण तिथे मुख्यतः पॅराऑक्सोनेज-२ असतं आणि ते पेशींच्या आत, आवरणांना धरून. माध्यमात सापडणार नाही. पेशी फोडून लायसेट घ्या, बफरमध्ये ईडीटीए नसलेलाच प्रोटिएज इनहिबिटर वापरा. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कॉकटेलमध्ये ईडीटीए असतं, लेबल वाचून घ्या. माध्यमात फीटल बोव्हाइन सीरम असेल तर पेशी आधी तीनदा धुवा, नाहीतर गायीचं एन्झाइम मोजून बसाल.