१८:२४ = ?:२० हे लेकीला कसं समजावू?

ऐरोलीची_आई: लेक सहावीत आहे. सममूल्य गुणोत्तरं चालू आहेत. २:३ = ८:१२ असलं पटापट करते, वर ४ ने गुणलं की खाली पण ४ ने, एवढं कळलंय. पण काल १८:२४ = ?:२० आलं आणि गाडी अडली, कारण २४ ला कितीने गुणलं की २० येतात तेच सापडेना. मग बाईसाहेबांनी दोन्हीकडून ४ वजा करून १४:२० लिहिलं आणि वर मलाच विचारते, दोन्हीकडे सारखंच तर केलं ना? मला चूक आहे एवढं कळतंय पण का ते नीट सांगता येईना 😅

घंटाळीकर: इडलीचं पीठ दाखवा तिला. ३ वाट्या तांदूळ, १ वाटी उडीद. पाहुणे वाढले म्हणून दोन्हीत २-२ वाट्या वाढवल्या तर ५:३, म्हणजे उडीद तांदळाच्या निम्म्याहून जास्त की! दुप्पट केलं तर ६:२, पीठ तेच राहतं.

साईटवाला_खारघर: आमच्याकडे १:२:४ चा माल असतो, १ घमेलं सिमेंट, २ रेती, ४ खडी. खडी २० च घमेली उरली तर काय करतो, २० भागिले ४ म्हणजे ५ पट, मग सिमेंट ५ आणि रेती १०. तुमचं गणितही तसंच आहे, फक्त आधी खाली उतरायचं मग वर चढायचं. १८ आणि २४ चा मसावि ६, दोघांना ६ ने भागा, ३:४ आलं. आता ४ चे २० करायला ५ ने गुणा, ३ चे १५. उत्तर १५:२०. ताळा म्हणून तिरका गुणाकार, १८×२० = ३६० आणि २४×१५ पण ३६०. तिच्या १४ ने ३३६ येतात.

नेरूळ_लोकल: वयाचं उदाहरण पण मस्त. समजा आई ३६, मुलगी १२, म्हणजे ३:१. बारा वर्षांनी ४८ आणि २४, झालं २:१. फरक २४ चाच, गुणोत्तर बदललं.

ऐरोलीची_आई: इडलीवर हसली आणि पटलं एकदाचं! वयाचं सांगितलं तर म्हणे म्हणजे मी तुला गाठतेय 🙄 आणि आता विचारते, २४ ला थेट ५/६ ने गुणलं तर २० येतातच की, मग १८ ला पण ५/६ ने गुणू का?

साईटवाला_खारघर: गुणू दे की, १५ च येणार. ६ ने भागून ५ ने गुणलं ते हेच.