शब्दचर्चा : बागेतला किरणोत्सर्ग आणि झाडाचा डेरा

आजरेघनसाळ : बागायतदारांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतोय. फळझाडाची कॅनॉपी, म्हणजे फांद्यापानांचा वरचा सगळा पसारा, किती रेडिएशन शोषते ते कसं मोजायचं, असा विषय. मी लिहिलं ‘पर्णसंभाराने शोषलेला किरणोत्सर्ग’. काकांना वाचायला दिलं, आंब्याची बाग हाय त्यांची, तर म्हणाले बागंत अणुबाँब फुटला काय रे? आता काय लिहू?

पंचगंगाकाठ : काकांचं बरोबर आहे. किरणोत्सर्ग म्हणजे युरेनियम वगैरे. रेडिएशनला विश्वकोशात ‘प्रारण’ आहे, सौर प्रारण लिहा.

तांबडापांढरा : प्रारण? मी आधी प्रकरण वाचलं. सरळ ऊन म्हणा की ओ. आमची आज्जी म्हणायची, झाड लई दाटलं की आतल्या फांद्यांस्नी ऊन मिळत न्हाई आणि फळ नुसतं शेंड्याला धरतंय.

पंचगंगाकाठ : उन्हात उष्णताही आली. पानाच्या कामाचा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला. शास्त्रात सैल शब्द चालत नाहीत, आणि मराठी शब्द असताना परका कशाला?

तांबडापांढरा : बाग फारसी, जमीन बी फारसी. झाडं लावायची कुठं मग?

उन्हातलीदांडी : मी हे मोजलंय म्हणून सांगते, खरा घोळ ‘शोषलेला’मध्ये आहे. मीटरभर दांडी असते, तिच्यात ओळीने सेन्सर. एकदा मोकळ्यावर धरायची, लख्ख दुपारी आकडा २००० मायक्रोमोलच्या (हे प्रकाश मोजायचं माप) आसपास जातो, मग झाडाखाली, आणि तिथं कवडसे असे नाचतात की दांडी वीतभर सरकवली तरी आकडा वेगळाच, त्यात झाडांच्या दोन ओळींमधली सावली दिवसभर सरकत असते म्हणून बुंध्यापासून मधल्या पट्ट्यापर्यंत सकाळ-दुपार-संध्याकाळ मोजत बसायचं. वरच्यातून खालचं वजा केलं की मिळतं ते झाडानं *अडवलेलं* ऊन. शोषलेलं काढायला पानांनी वर परतवलेलं वजा करायचं आणि मातीवरून उसळून पुन्हा पानांना मिळालेलं मिळवायचं. पत्रकात नक्की कुठलं आहे?

आजरेघनसाळ : बघून सांगतो. पण पर्णसंभार तरी बरोबर आहे ना?

तांबडापांढरा : छ्या. सत्यनारायणाच्या पूजेतलं वाटतंय. डेरा म्हणा. डेरेदार झाड म्हणतोच की आपण.

पंचगंगाकाठ : डेरा म्हणजे तंबू, तो हिंदीतून आला.

गडहिंग्लजकरीण : तंबूचा काय संबंध? डेरा म्हणजे ताक घुसळायचं मोठं मडकं, त्याच्या पोटासारखं गोल ते डेरेदार.

पंचगंगाकाठ : झाडाखाली माणसं बसतात, मडक्याखाली नाही. तंबूच.

तांबडापांढरा : आंब्याचं झाड लांबनं बघा एकदा, पालथं मडकंच दिसतंय.

उन्हातलीदांडी : अडवलेलं की शोषलेलं ते राहिलंच.

गडहिंग्लजकरीण : माझ्या माहेरी अजून हाय तो डेरा. तळाला चीर गेली म्हणून आईनं त्यात कढीपत्ता लावलाय. फोटो टाकते सांजच्याला, मग सांगा तंबू का मडकं.