डिलक्स संच घेतल्यावर जुनी सीडी विकावी का?

प्रश्न असा, की एखाद्या अल्बमची विस्तारित आवृत्ती, म्हणजे डिलक्स संच, घेतल्यावर जुनी प्रत काढून टाकावी का. घाई नको. आधी खोक्यावर 'रीमास्टर' लिहिलंय की 'रीमिक्स', ते बघा. रीमास्टरमध्ये तयार स्टीरिओ (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांच्या) मिश्रणाचाच टोन आणि आवाजाची पातळी बदलते. रीमिक्समध्ये मूळ मल्टिट्रॅक टेपवरून (जिच्यावर वाद्यं आणि आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात) ड्रम, गिटार, आवाज पुन्हा मांडतात, म्हणजे तो वेगळाच अल्बम ऐकल्यासारखं होतं. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'चा २०१७चा संच (४ सीडी, १ डीव्हीडी, १ ब्ल्यू-रे) असा निर्माता जाइल्स मार्टिनच्या नव्या मिश्रणाचा, म्हणजे रीमिक्सचा. त्यात जुनं मोनो (एकाच वाहिनीचं) मिश्रणही आहे, पण १९६७चं स्टीरिओ मिश्रण नाही. ते हवं तर जुनी सीडी ठेवावीच लागते.

रीमास्टर असेल तर एकच गाणं दोन्ही प्रतींतून रिप करून (संगणकावर उतरवून) ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटेचे आलेख, शेजारी लावा. नव्याचे शेंडे कात्रीने कापल्यासारखे सपाट दिसले, तर लिमिटर (आवाजाचे शेंडे दाबून एकूण पातळी वाढवणारं साधन) जास्त दाबलाय. ऐकताना दोन्हींची पातळी सारखी करा, नाहीतर मोठा आवाज उगाच 'चांगला' वाटतो.

एलपी (विनाइल तबकडी) घेणाऱ्यांनी '१८० ग्रॅमची जड तबकडी' या जाहिरातीला भुलू नये, वजनाने आवाज सुधारत नाही. एका बाजूला साधारण २२ मिनिटांपेक्षा जास्त कोंबलं, की खोबणी अरुंद होते आणि आवाजाची पातळी उतरवावी लागते. शिवाय संचातली घट्ट पुठ्ठ्याची पाकिटं तबकडीवर ओरखडे पाडतात. पहिल्याच दिवशी तबकडी अँटिस्टॅटिक (स्थिर वीज न साठू देणाऱ्या) आतल्या पाकिटात हलवा.