मोतीबिंदूनंतर बसवलेली लेन्स सरकते का?

यावलचा_पोरगा:
मंडळी, आईचं (वय 66) मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज बारावा दिवस, घडी करून आत घालतात ती लेन्स टाकलीय, टाका नाही. काल केळी कापायला मजूर होते म्हणून न सांगता चुलीपुढे बसली, धूर गेला आणि पदराने डोळा चोळला. आता कडेला चमकतं म्हणते, "माह्या डोयातलं भिंग हाललं रे." नजर तशीच आहे, कॅलेंडरवरची तिथी वाचते. वाकलं की लेन्स पडते असं शेजारच्या मावशींनी सांगितलंय, तेव्हापासून मान ताठ धरून बसलीय, रात्री कुशीवर पण वळत नाही. इतकी सैल असते का लेन्स?

धुळे_चष्मेवाली:
दादा, आधी आईंना मान सैल सोडायला सांगा. आपलं भिंग ज्या पातळ पिशवीत असतं ती पिशवी डॉक्टर तशीच ठेवतात, पुढून गोल तोंड करून आतला गढूळ गर काढतात आणि त्याच पिशवीत लेन्स बसवतात. लेन्सचा गोल साधारण 6 मिमी, पण बाजूचे दोन वाकडे पाय धरून 12-13 मिमी, ते पाय आतून पिशवीच्या कडेला टेकतात, पुढच्या काही आठवड्यांत पिशवी आकसून लेन्सला घट्ट धरते. वाकू नका, जड उचलू नका सांगतात ते मुख्यतः जखमेसाठी. चोळणं मात्र खरंच वाईट, जखम उघडू शकते, जंतू जाऊ शकतात. चमक लेन्सच्या काठावरून उजेड परततो म्हणूनही दिसते, पण डोळ्याच्या मागच्या पडद्याचं दुखणंही असंच सुरू होतं, तेव्हा आजच दाखवा, फोनवर विचारून भागणार नाही.

अमळनेर_शेतकरी:
आमच्या आबांची सरकली होती म्हणून लिहितो. ऑपरेशनला नऊ वर्षं झालेली, गोठ्यात बैलाचं शिंग भुवईला लागलं, दोन दिवसांनी एका दिव्याचे दोन दिसायला लागले आणि लेन्सची कड चंद्रकोरीसारखी दिसायची. आम्ही नंबर बदलला असेल म्हणून आठ दिवस घालवले, तेच चुकलं. नाशिकला पुन्हा ऑपरेशन करून लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागाला आतून अडकवली, आता पोथी वाचतात. मार लागला किंवा एकदम अंधुक झालं तर थांबू नका भाऊ.

यावलचा_पोरगा:
कालच जळगावला नेलं. बाहुली मोठी करायचे थेंब टाकून तपासलं, लेन्स मधोमध आहे, पडदा चांगला आहे. झोपताना लावायची प्लास्टिकची वाटी आम्ही चार दिवसांतच सोडली होती, ती परत सुरू. भाकरी आता वहिनी टाकते. येताना तापीच्या पुलावर आईने मान वळवून पाणी किती आहे ते बघितलं. ताई, अमळनेरचे भाऊ, खूप आभार.